मजुरीचा आकडा

भांडण जर चिठ्ठीवर लिहिलेल्या बाराशे रुपयांच्या मजुरीवरून झाले असते, तर ते ध्यानी यावयास मला फारसा अवधी लागला नसता. परंतु हरसूलच्या त्या गॅरेजासमोर, श्रावणातल्या एका भिजलेल्या दुपारी, पिकअपचा चालक आणि मिस्तरी ज्या तेराशे रुपयांसाठी इरेला पेटले होते, ते तेराशे रुपये चिठ्ठीवर कोठेच लिहिलेले नव्हते. चिठ्ठी मी स्वतः पाहिली. शाळकरी वहीच्या फाडलेल्या पानावर तीन ओळी होत्या : क्लच सेट ६८००, बेअरिंग ८५०, लेबर १२००, खाली रेघ आणि बेरीज ८८५०. चालकाने नाशिकच्या एका दुकानदाराला फोन लावून त्याच सेटचा भाव विचारला होता आणि तो साडेपाच हजार निघाला होता. "मजुरीला मी नाही म्हटलं का दादा? पण सेटमध्ये तेराशे खाल्ले, त्याचं काय?" असे तो विचारीत होता, आणि मिस्तरी, ज्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले होते, परत परत एवढेच म्हणत होता की, "नाशिकला जाऊन सेट आणला कोणी? ह्या पावसात गिअरबॉक्स खाली घेतला कोणी?"

माझ्या गाडीच्या ब्रेकचे काम तेथेच चालले होते, म्हणून हा कलह मला आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावयास मिळाला, आणि ऐकता ऐकता माझी अशी खात्री झाली की, दोघेही खरे बोलत आहेत. त्यानंतरच्या दोन महिन्यांत हरसूल, त्र्यंबकेश्वर, गिरणारे आणि नाशिक येथील मिस्तऱ्यांशी, गाडीमालकांशी आणि सुटे भाग विकणाऱ्यांशी मी जे बोललो, त्यातून ही खात्री दृढच झाली. नावे छापू नयेत अशी त्यांतील बहुतेकांची इच्छा होती. ती मी पाळली आहे.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे बाजाराचे गाव. भोवतालच्या डोंगरांवर कोकणा, वारली आणि महादेव कोळी ह्या जमातींचे पाडे विखुरलेले आहेत. भात, नागली आणि वरई ही त्यांची पिके. आणि ही पिके घरात आली, की उरलेल्या वर्षाच्या पोटासाठी गिरणारे, दिंडोरी, निफाड येथील द्राक्षमळ्यांची वाट धरणे हा त्यांचा पिढीजात नसला तरी आता पक्का झालेला क्रम. एस.टी. जेथवर पोहोचते तेथवर पोहोचते. बाकीचा सारा भार, माणसांचा आणि मालाचाही, पिकअप आणि जीप वाहतात. वाघेरा घाटात भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवावी लागते, तेव्हा क्लचप्लेट घासते. उतरताना ब्रेक तापतात. खड्ड्यांत पाटे तुटतात. आणि पावसाळ्याचे चार महिने चिखल अशा अशा ठिकाणी जाऊन बसतो, की जेथे तो जाईल हे गाडी बनविणाऱ्याच्या मनातही आले नसेल. महिंद्राचा मोटारींचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे, आणि डिझेल इंजिनांच्या नोझल बनविणारा मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखानाही तेथेच आहे. यंत्राचे माहेर इतके जवळ असताना त्याच्या दुरुस्तीचा दर मात्र ह्या डोंगरात कोणालाच निश्चित सांगता येत नाही, ही गोष्ट मला प्रथमपासून खटकत आली.

क्लचप्लेट बदलणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला बाराशे रुपये पुष्कळ वाटतील. प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या मध्ये असते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शाफ्ट सोडावा लागतो, गिअरबॉक्सचे सर्व नट काढावे लागतात, आणि तो जड लोखंडी डबा खाली उतरवून घ्यावा लागतो. शहरातल्या कार्यशाळेत गाडी वर उचलणारी लिफ्ट असते, खालून आधार देणारे यंत्र असते. हरसूलला जॅक आहे, लाकडाचे ओंडके आहेत, आणि ओल्या जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर उताणा पडलेला माणूस आहे, ज्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर तो डबा लोंबकळत असतो. गंजलेला एक नट फिरेना, तर त्या एका नटापायी दीड तास जातो. प्लेट बसविल्यावर डबा पुन्हा वर चढवून शाफ्ट नेमका खाचेत बसवावा लागतो, आणि तो पहिल्या प्रयत्नात बसला तर मिस्तरी त्या दिवसाला चांगला दिवस म्हणतो. चालक हे सारे पाहत नाही. तो चहाच्या टपरीवर असतो. त्याला दिसते ती फक्त संध्याकाळी चिठ्ठी.

मग मिस्तरी मजुरी बाराशेच का लिहितो? हा प्रश्न मी त्यालाच विचारला, पिकअप निघून गेल्यावर. (शेवटी आठ हजार तीनशेवर तोड झाली, आणि दोघेही नाराज होऊन उठले.) तो म्हणाला, "पंचवीसशे मजुरी लिहिली तर पुढची गाडी पेठला जाईल. माल महाग म्हटला तर लोक कंपनीला शिव्या देतात, मजुरी महाग म्हटली तर मला." सेट आणण्यासाठी त्याला नाशिकला जावे लागले होते, त्यात अर्धा दिवस आणि पेट्रोल गेले, हाताखालच्या पोराला रोजाचे चारशे द्यायचे होते, आणि खोललेला गिअरबॉक्स झाकून ठेवून तो परत येईपर्यंत गॅरेजाचे दुसरे काम बंद होते. हे सारे मिळून जी रक्कम होते, ती चिठ्ठीतल्या मजुरीत मावत नाही. म्हणून ती मालाच्या किमतीत जाऊन बसते. सुट्या भागांचे दुकानदारही ह्या वहिवाटीला हातभार लावतात, कारण मिस्तऱ्याने गिऱ्हाईक आणले की त्याला काही टक्के देण्याचा रिवाज बाजारात सर्वत्र आहे, आणि तो टक्का अखेर गाडीमालकाच्याच खिशातून जातो. त्यात 'ओरिजिनल' आणि 'लोकल' हा भेद. खोके एकाचे आणि माल दुसऱ्याचा, असा प्रकार घडतो हे मिस्तरीही नाकारीत नाहीत. आणि ज्या मिस्तऱ्याने तसे कधी केले नाही, त्याच्याही नावाला त्या संशयाचा डाग लागतो.

ह्याहूनही मनाला लागणारी गोष्ट मला त्र्यंबकेश्वरच्या एका वयस्क मिस्तऱ्याने सांगितली. इंजिनाचा आवाज ऐकून दोष कोठे आहे हे सांगणारा म्हणून त्या भागात त्याची ख्याती आहे. डिझेलच्या नळीला हवा लागली असेल, तर तो पाच मिनिटांत ओळखतो आणि दहा मिनिटांत दुरुस्त करतो. पण पंधरा मिनिटांच्या कामाचे तीनशे रुपये मागितले, की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. "पोरगं असताना मी हेच काम दिवसभर करायचो, तेव्हा लोक आनंदानं पैसे द्यायचे," तो म्हणाला. म्हणून पुष्कळदा तो दोष सापडल्यावरही गाडी दुपारपर्यंत उभी ठेवतो, चार नट उगाच सैल करून पुन्हा आवळतो, आणि मगच पैसे सांगतो. हे त्याने मला लाजत सांगितले. तीस वर्षांच्या अनुभवाने ज्याचा हात जलद झाला, त्याने ती जलदता लपवावी आणि अडाण्यासारखे वागून पोट भरावे, अशी पाळी ज्या व्यवहारात येते, त्या व्यवहारात दोष केवळ मिस्तऱ्याचा नाही. घामाचे मोल देणारे आणि विद्येचे मोल नाकारणारे आपण गिऱ्हाइकेही त्यात तितकेच वाटेकरी आहोत.

हरसूलची माणसे मजुरी ठरविण्यात अडाणी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. गिरणारे येथे हंगामात भल्या पहाटेपासून मजुरांचा जो बाजार भरतो, तो ज्याने पाहिला असेल त्याला हे सांगावे लागणार नाही. पेठ, हरसूल, मोखाड्याकडची बायका-माणसे तेथे घोळक्याघोळक्याने उभी असतात, द्राक्षमळ्यांचे मालक गाड्या घेऊन येतात, आणि छाटणी, डिपिंग, विरळणी ह्यांचा दर, माणसे किती आणि दिवस किती, जेवण कोणाचे, परत आणून सोडणार कोण, हे सारे गाडीत पाय टाकण्यापूर्वी मोठ्या आवाजात, दहा जणांच्या साक्षीने ठरते. त्या दरात अन्याय असतो, अडवणूक असते, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु शब्द आधी होतो. ज्या पिकअपमधून ही माणसे गिरणाऱ्याला जातात, ती पिकअप बिघडली, की मात्र तोच समाज काम आधी करून घेतो आणि दर मागाहून ऐकतो.

ह्याचे कारण शोधताना मला त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गावगाडा' ह्या १९१५ सालच्या ग्रंथाची आठवण झाली. देशावरच्या गावांत सुताराने नांगर दुरुस्त केला किंवा लोहाराने फाळ शेवटला, तर त्या त्या कामाची किंमत त्या त्या वेळी सांगितली जात नसे. सुगीत खळ्यावरून बलुते मिळे, आणि किती मिळावे हे दस्तुराने ठरलेले असे. कारागिराला दर सांगावा लागत नसे आणि कुणब्याला घासाघीस करावी लागत नसे. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले, कारण तिच्यात कारागीर हा गावाचा बांधील होता आणि त्याच्या कौशल्याची प्रतिष्ठा त्याच्या जातीपलीकडे जाऊ शकत नव्हती. पण दस्तुर गेला आणि त्याच्या जागी करार आला नाही. आज मिस्तरी मनातल्या मनात काही धरून चालतो, गाडीमालक मनातल्या मनात काही धरून चालतो, आणि दोन्ही मनांतली अंतरे संध्याकाळच्या चिठ्ठीवर उघडी पडतात.

शहरातल्या कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत हा प्रश्न सुटला आहे, असा समज असेल तर तो अर्धाच खरा आहे. तेथे प्रत्येक कामाला कंपनीने तास ठरवून दिलेले असतात. काम प्रत्यक्षात लवकर झाले वा उशिरा झाले, तरी मजुरी त्या ठरीव तासांचीच लागते, आणि तिच्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. म्हणजे हरसूलचा जलद हात जेथे तोट्यात जातो, तेथे शहरातला जलद हात निदान कार्यशाळेच्या फायद्याचा असतो. तथापि मला स्वतःला अशाच एका ठिकाणी, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, साध्या सर्व्हिसिंगसाठी दिलेल्या गाडीचे बिल अंदाजाच्या दुपटीच्या घरात मिळाले होते. त्यात मला न विचारता केलेली तीन कामे होती, आणि विचारले असता 'सिस्टीममध्ये आलं आहे' एवढेच उत्तर मिळाले. छापील बिल हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आणि मालाच्या किमतीत नफा दडविण्याची विद्या हरसूलच्या मिस्तऱ्याने शोधून काढलेली नाही. शमशेर कटारिया नावाच्या एका गृहस्थांनी केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात महिंद्राचा वाटा २९२ कोटींहून अधिक होता. आणि आरोप काय होता, तर ह्या कंपन्या अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि दुरुस्तीची माहितीपुस्तके स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, आणि त्यामुळे सुट्या भागांची किंमत त्या म्हणतील ती होते. २०१६ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने, त्याच्यापुढे आलेल्या कंपन्यांच्या अपिलांत, दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंडाची आकारणी सुट्या भागांच्या उलाढालीपुरती आखडती घेतली. हा निकाल हरसूलला कोणाच्या वाचनात नाही. त्याचा विषय मात्र तेथे रोजचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा मानकाच्या गाड्या आल्या, आणि दिवा पेटला की स्कॅनर लावल्यावाचून इंजिनाचे दुखणे कळेनासे झाले. चांगला स्कॅनर घेण्याची ऐपत लहान गॅरेजाला नसते, ज्याने कर्ज काढून घेतला तो प्रत्येक गाडीमागे चारशे-पाचशे मागतो, आणि गाडीमालक म्हणतो, "नुसती वायर जोडली, त्याचे पाचशे?" केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' ह्या नावाने जी व्यवस्था सुरू केली, तिच्यात शेतीच्या अवजारांबरोबर मोटारगाड्याही आहेत, परंतु ती कायदा नव्हे, आणि कंपनी जेवढी माहिती स्वखुशीने देईल तेवढीच तीतून मिळते.

कायद्याकडे वळलो तर सर्वांत उपयोगी उत्तर सर्वांत जुन्या कायद्यात सापडते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे १७० वे कलम सांगते, की दुरुस्तीसाठी सोपविलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला त्याचा वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. तेव्हा हिंदुस्थानात मोटार नव्हती. म्हणून कायद्याने उदाहरणे दिली ती हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याची आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याची. त्यातील शिंप्याचे उदाहरण हरसूलला तंतोतंत लागू पडते : कोट तयार होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे शिंप्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडविता येत नाही. हरसूलचे निम्मे काम उधारीवर चालते, भात विकला की देऊ, मळ्यावरून परत आलो की देऊ. आणि मिस्तऱ्याने अशी मुदत एकदा कबूल केली, की गाडी रोखण्याचा त्याचा हक्क संपतो. शिवाय हा हक्क त्याच वस्तूवर केलेल्या कामापुरता आहे. गेल्या वर्षीची बाकी वसूल करण्यासाठी ह्या वर्षी ब्रेकला आलेली गाडी अडविणे, हे मी तीन ठिकाणी पाहिले आणि तिन्ही ठिकाणी ते बेकायदेशीर होते, जरी मिस्तऱ्याची बाकी खरी होती.

गाडीमालकाच्या बाजूला २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आहे, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला. केलेल्या सेवेचे बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. पिकअप धंद्याची असली, तरी चालक ती स्वतःच्या रोजगारासाठी, केवळ पोटासाठी चालवीत असेल, तर तो ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पण तेराशे रुपयांसाठी हरसूलचा माणूस नाशिकच्या जिल्हा आयोगात चार तारखांना गेला, तर बुडालेला रोज आणि गाडीचे भाडे ह्यांतच तेराशे संपतात. ही तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते, १९१५ ह्या क्रमांकावर सल्लाही मिळतो. तरी न्याय इतका दूर असावा की तो घेण्याचा खर्च अन्यायाहून मोठा व्हावा, हे मला पटत नाही. 'कच्चे बिल' ह्या शब्दाने तर दोन्ही बाजूंचा गैरसमज केला आहे. ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्या मिस्तऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसता त्याने बिलात कर लावताही कामा नये. पण साधे बिल, तारीख, गाडीचा क्रमांक, मजुरी आणि माल वेगळा लिहून, सहीनिशी देण्यास त्याला कोणतीच आडकाठी नाही. सुट्या भागांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के झाला, पूर्वी बहुतेक भागांवर तो अठ्ठावीस होता. हा फरक हरसूलच्या चिठ्ठीत किती उतरला, हे चिठ्ठीत मालाची खरी किंमत दिसेल तेव्हाच कळेल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली मोटारदुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा केला. काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज, गिऱ्हाइकाची संमती, आणि मागितल्यास काढलेला जुना भाग परत, ह्या गोष्टी तेथे तेव्हापासून बंधनकारक आहेत. आपल्याकडे असा कायदा व्हावा असे मला वाटते. परंतु तो होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण गिरणाऱ्याच्या चौकात अक्षरओळख नसलेली बाई जो शब्द आधी वदवून घेते, तोच शब्द गॅरेजात वदवून घेण्यास कायदा लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की मजुरीला तिच्या पुऱ्या आकड्यासह स्वतःच्या नावाने उभे राहू द्यावे. मिस्तऱ्याने ती मालाच्या आड लपवू नये, आणि गाडीमालकाने ती मोठी दिसली म्हणून दचकू नये. कारण तीच रक्कम तो आजवर, संशयाच्या व्याजासह, देतच आला आहे. खोलल्यावर आत आणखी काही निघेल, हे खरे. पण तेव्हा हात थांबवून, फोन लावून, नवा आकडा सांगता येतो. हे मी हरसूलच्या त्या मिस्तऱ्याला बोललो होतो, तेव्हा तो काही न बोलता नट धूत राहिला होता.

दसऱ्यानंतर मी पुन्हा हरसूलला गेलो. आणखी एक पिकअप क्लचसाठीच आली होती. मालक पिकल्या केसांचे, डोक्याला पंचा गुंडाळलेले, पाड्यावरचे गृहस्थ होते, आणि मिस्तरी त्यांना 'बाबा' म्हणत होता. वहीच्या पानावर ह्या वेळी ओळी अशा होत्या : मजुरी २५००, सेट दुकानाच्या पावतीप्रमाणे, आणण्याचा खर्च ३००, जुना सेट परत. बाबांनी मजुरीचा आकडा दोनदा वाचून घेतला, "पुष्कळ होतात रे," म्हटले, आणि अर्ध्या घटकेच्या बोलाचालीनंतर दोनशे कमी करून घेतले. मिस्तऱ्याने २५०० वर काट मारून २३०० लिहिले, बाबांनी त्याच्याखाली अंगठा उठविला, आणि मग गाडीला जॅक लागला.